जज बदलून मागण्याआधी

प्रिय दोस्ता,

राम राम. सीतादही झाली असेल, वेचणी लागली असेल. हाताचं प्लास्टर निघालं तरी जड उचलायचं नाही, हे मी वहिनींना बजावून ठेवलंय. तेव्हा कापसाचं गाठोडं उचलताना दिसलास तर मला बातमी येईलच.

धुऱ्यावरच्या मारामारीत तुझा हात मोडला, त्या केसबद्दलचा तुझा भला मोठा मेसेज दोनदा वाचला. फोन केला असता तर तू तापला असतास, म्हणून लिहितो. सगळ्या मेसेजचं सार एकच: "मले हा जज नको, केस नागपूरले ने." माझी अर्धी जिंदगी वकिलाचा मुन्शी म्हणून कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली. असं बोलणारे पुष्कळ पाहिले. आपले वकील साहेब काय ते ठरवतीलच, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी माझं ऐक.

जज बदलून मागणं आणि जागा बदलून मागणं हे दोन वेगळे अर्ज आहेत. तू दोन्हींची खिचडी केलीस.

आधी जजचं. तुझी कारणं मी कागदावर उतरवून पाहिली. मागच्या पेशीला तू मधेच बोललास आणि जज साहेबांनी तुला गप्प बसवलं. अरे, ते रोज दहा जणांना गप्प बसवतात, आमच्या वकील साहेबांनाही. आरोपीचा गैरहजेरी माफीचा अर्ज मंजूर केला. तसे अर्ज रोजच्या बोर्डावर पैशाला पासरी असतात. तिसरं कारण, साहेब आरोपीच्या काकाकडच्या लग्नात जेवताना दिसले. कोणाला दिसले? तुझ्या मेव्हण्याच्या साडूला! हे शपथेवर कोण सांगणार? केस बदलीच्या अर्जासोबत शपथपत्र लागतं, आणि त्यावर सही तुझी राहणार, साडूची नाही.

हुकूम विरोधात गेला म्हणजे हुकूम देणारा विरोधात गेला, असं वरचं कोर्ट मानत नाही. हुकूम चुकला असेल तर त्याला अपील आहे, रिव्हिजन म्हणजे फेरतपासणी आहे. बदलीसाठी वाजवी भीती दाखवावी लागते. पक्षपात झालाच हे सिद्ध करायची गरज नाही, पण शहाण्या माणसाला तशी भीती का वाटावी, याचा काहीतरी आधार कागदावर दिसला पाहिजे. नुसतं मनात येणं पुरत नाही. १९७८ साली मनेका गांधींनी त्यांच्यावरचा मुंबईतला बदनामीचा खटला दिल्लीला न्या म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. कोर्टानं तो फेटाळला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाचा अर्थ असा, की पक्षकाराचं हळवेपण किंवा त्याची सोय हा निकष नाही. निष्पक्ष न्यायच मिळणार नाही अशी परिस्थिती आहे का, ते पाहायचं. बडी माणसं रिकाम्या हातानं परत आली, तिथं आपण साडूची साक्ष घेऊन जायचं?

आणि ते व्हॉट्सॲप स्टेटस! "जज विकला गेला" असं लिहून वर हात जोडल्याचं चित्र. काढ ते, हे पत्र खाली ठेवायच्या आधी. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात सहावं कलम आहे. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल वरच्या कोर्टाकडे किंवा हायकोर्टाकडे सद्भावनेनं तक्रार केली तर तो अवमान होत नाही. म्हणजे योग्य दारात, योग्य भाषेत बोलायला तुला पूर्ण मोकळीक आहे. गावातल्या ग्रुपला ते संरक्षण नाही. अवमानाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. हात मोडला तुझा आणि आत जाशील तूच, हे काही बरं दिसणार नाही.

शिवाय साहेबांना इथं तिसरं वर्ष लागलंय. उन्हाळ्यात बदल्यांची यादी निघते. आपल्या केसची गती पाहता अर्जाचा निकाल आधी लागतो की साहेबांचं सामान आधी गाडीत चढतं, मी पैज लावणार नाही.

आता जागेचं. इथं मात्र तुझं म्हणणं मला पटतं, फक्त कारण तू भलतीकडे लपवलंस. मेसेजच्या शेवटी, वहिनींच्या तब्येतीच्याही खाली, तू लिहिलंस की मारामारीच्या दिवशी शेजारच्या वावरात जो डवरा हाकत होता त्याला समोरच्यांनी जिनिंगच्या फाटकावर अडवलं आणि विचारलं, "साक्ष दिल्यावर कोणाच्या वावरात कामाले जाशीन बे?" आणि निंदायला आलेल्या बाईच्या घरी रात्री दोघं जण जाऊन बसले. बावा, तुझी खरी केस ही आहे! हेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं. धुऱ्यावर कुऱ्हाड कोणी उगारली हे पाहणारे हे दोघंच. ते फितूर झाले तर जज कितीही चांगला असो, त्याच्यापुढे फक्त तुझा एक्स-रे उरेल.

साक्षीदार मोकळेपणानं बोलू शकत नाहीत, या कारणानं मोठमोठे खटले हलले आहेत. जयललितांवरचा बेहिशोबी मालमत्तेचा खटला २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं चेन्नईहून बंगळूरला पाठवला. त्या पुन्हा सत्तेत आल्यावर साक्षीदार पटापट उलटले होते. जम्मूकडच्या कठुआत लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्या प्रकरणात तर वकिलांनीच दोषारोपपत्र दाखल व्हायला अडथळा केला. मे २०१८ मध्ये तो खटला राज्याबाहेर पठाणकोटला गेला आणि जून २०१९ मध्ये निकालही लागला.

पण ते सुप्रीम कोर्टातून, राज्याच्या सीमा ओलांडून. आपल्याला इतकं लांब जायचं कारण नाही. मारामारी २०२४ च्या पोळ्यानंतरची, म्हणून नवा कायदा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या कोर्टात केस न्यायची तर कलम ४४८ खाली जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांकडे अर्ज. तिथं फेटाळला तरच त्यासाठी हायकोर्ट, म्हणजे आपलं नागपूर खंडपीठ, कलम ४४७. दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची असेल तर अर्ज थेट खंडपीठात. केस सरकारची असली तरी तू जखमी आणि फिर्यादी आहेस, हितसंबंधित म्हणून अर्ज करू शकतोस. मात्र अर्ज टाकला म्हणून इथली पेशी आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. आणि अर्ज उगाचच त्रास द्यायला केला असं हायकोर्टाला वाटलं, तर समोरच्याला भरपाई देण्याचा हुकूम तुझ्यावरच होऊ शकतो.

नागपूरचा हट्ट सोड, असं मी म्हणतो. तुला नागपूर म्हणजे निष्पक्ष वाटतं, ठीक. पण निंदणाऱ्या बाईनं पहाटेची एसटी धरायची, दोन ठिकाणी गाडी बदलायची, वेचणीची मजुरी बुडवायची आणि तिथं गेल्यावर कळायचं की पेशी पुढं ढकलली. दुसऱ्या खेपेला ती येणार नाही, आणि तिला फितूर करायचं कामही समोरच्यांना उरणार नाही. जागा बदलताना साक्षीदारांची सोय कोर्ट पाहतंच. जिल्ह्याच्या ठिकाणी केस नेली तर एकाच एसटीनं जाणं-येणं होतं, आणि त्या लोकांची जिनिंगच्या फाटकावरची वट तिथं चालत नाही.

त्याच्याही आधी एक गोष्ट. साक्षीदार संरक्षण योजनेला सुप्रीम कोर्टानं ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्यता दिली. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती ठरवून दिली आहे, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. धमकी असेल तर साक्षीदार तिकडे संरक्षण मागू शकतो. तुझ्या केसला लागलेलं कलम जन्मठेपेपर्यंत जातं, म्हणून ती या योजनेत बसावी. शिवाय साक्ष बदलण्यासाठी धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे नव्या दंड कायद्याच्या, कलम २३२ खाली वेगळा गुन्हा आहे. पोलिसांनी तक्रार घेतली तर उत्तम. नाही घेतली तरी दिलेल्या अर्जाची पोच पाहिजे. हा कागद झाला की बदलीच्या अर्जाला पाय फुटतात. आज तुझ्याकडे फक्त राग आहे, आणि कोर्टातून कागदाची नक्कल मागतात तशी रागाची नक्कल मिळत नाही.

तर असं कर. डवरा हाकणाऱ्याशी आणि त्या बाईशी एकदा शांतपणे बोल. धमकीची तारीख, वेळ, कोण होतं, शब्द काय, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तरच ये. तू त्यांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, नाहीतर उलटतपासणीत सगळं उघडं पडेल. येताना एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद आण. रोजनाम्याची, म्हणजे पेशीला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची, नक्कल मी काढून ठेवतो. रविवारी वकील साहेब घरी असतात. दुपारची एसटी धर, जेवायला आमच्याकडेच थांब, आणि वहिनींना घेऊन आलास तर आमच्या घरचीही खूश होईल.

तुझाच,
मुन्शी