कंटेनर मोजताना मालकीही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षाचा हंगाम लागला की युरोपला किती कंटेनर गेले याचे आकडे छापून येतात. वाचून बरे वाटते. पण माल तोडल्यावर तो कुणाच्या हातात जातो, हे त्यात कधी नसते.

2010 साली लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपले कंटेनर युरोपात अडकले. ते औषध तेव्हा बागोबाग वापरात होते आणि तिकडे ते तपासले जाणार, याची खबर बांधापर्यंत आलीच नव्हती. तोटा मात्र बांधापर्यंत बरोबर पोहोचला. माझा निर्यातदार तर पुढे फोनच उचलेना.

त्याच सुमारास आमच्या दिंडोरी तालुक्यात, मोहाडीला, सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली. उत्पादक कंपनीच्या कायद्यात सभासद उत्पादकच लागतो आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. फरक दिसतो तो पॅकहाऊसच्या टेबलावर. सोळा मिलिमीटरला मणी बसला नाही की घड बाजूला पडतो. इथेही पडतो, व्यापाऱ्याकडेही पडतो. पण बाजूला पडलेला माल पुढे कुठे आणि काय भावाने गेला, हे व्यापाऱ्याला विचारून बघा!

2022 मध्ये सह्याद्रीच्या उपकंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांचे 310 कोटी आले, तेव्हा पारावर ‘गेली कंपनी’ अशी कुजबुज झाली. मला ते पटत नाही. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच आहे, आणि कोल्ड स्टोरेज काही वर्गणी काढून होत नाही.

धास्ती आहे ती वाणाची. तास-ए-गणेश तासगावकडच्या बागेत निवडला गेला आणि त्याच्या काड्या पाहुण्यारावळ्यांतून जिल्हेच्या जिल्हे फिरल्या. आता परदेशी पेटंट वाण लावायचा तर रॉयल्टी भरा आणि शेजाऱ्याला काडी देऊ नका. तरी लोक लावतात, कारण त्याचा मणी पावसात कमी तडकतो. यावर उपाय पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून यायला हवा. पैदाशीच्या कामाला तिथे भरघोस पैसा द्या. आणि पॅकहाऊसच्या अनुदानाच्या अर्जात एक रकाना वाढवा: मालक कोण, त्यात बागायतदार किती?

– एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक