आशा वहिनींना, एका निरगाठीबद्दल

वहिनी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही म्हणाल, ओट्यावर येऊन बोलायचं सोडून भाऊंनी हे पत्र काय काढलं. तोंडानं बोलता आलं असतं तर केव्हाच बोललो असतो. आणि पत्र चारचौघांसमोर ठेवतोय, कारण तितूरच्या काठानं पाऊस आला की रात्रभर जागणारा मी एकटाच असेन असं वाटत नाही.

३१ ऑगस्ट २०२१. आदल्या दिवशी गोकुळाष्टमी झालेली. त्या रात्री चाळीसगाव तालुक्यात तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या फुगल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं. आमच्या गोठ्यातलं कोण वाचणार? पोरांना माळ्यावर चढवून मी गोठ्यात गेलो तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. पाखऱ्याचं दावं सुटलं. हरण्या मोकाट सुटायचा म्हणून त्याला मीच निरगाठ मारलेली. ओला सोल, म्हणजे दोर, आवळत जातो, वहिनी. बैल मागे ओढतो तशी गाठ आणखी बसते. नखं उलटली माझी. कोयता घरात राहिलेला. मग छप्पर कलंडलं आणि मी हात काढला.

हात मी काढला. हे एवढं वाक्य बोलायला मला दीड वर्ष लागलं.

लोक चांगलेच बोलले. "माणसं वाचली ना, जनावराचं काय!" त्यामुळे बैलासाठी रडायचीही लाज वाटायला लागली. आठवड्यानं पोळा आला, मी दिवसभर घराबाहेर पडलो नाही. पाखऱ्या वाचलेला, पण त्याच्याकडे बघवेना, म्हणून मिळेल त्या भावात विकून टाकला. पत्र्यावर पहिला थेंब वाजला की उठून बसायचो, पोरांना उठवायचो, दारात फूटपट्टी घेऊन पाणी मोजायचो. नाल्याकडचा रस्ता सोडून दिला. रात्रीची क्वार्टर सुरू झाली. घरचे "बाहेरचं" बघायलाही घेऊन गेले. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांना दुसरं दार माहीत नव्हतं.

तुम्ही माझ्यासाठी आल्याच नव्हतात. २०२२ च्या पावसाळ्यात धाकट्या भावाला मुलगा झाला, त्याचं वजन करायला, ताप बघायला गावची आशा सेविका म्हणून तुमच्या खेपा. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सातव्या दिवशी वजनकाटा पिशवीत घालता घालता तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. मी उपरण्याच्या टोकाला गाठ मारत होतो आणि सोडत होतो. मला कळतही नव्हतं. घरात वर्षभर कुणाला दिसलं नव्हतं ते.

तुम्ही "काय झालं" असं विचारलं नाहीत. म्हणालात, "भाऊ, रातले झोप लागस का?"

बस. मी नाही म्हटलं. तुम्ही ना कीव केलीत ना उपदेश, चौदाव्या दिवशी पुन्हा तेच विचारलंत. बाळाच्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, माझ्या ओट्यावरच्या संपल्या नाहीत. तुमच्या कामाला कामाप्रमाणे मोबदला असतो, हे गावाला माहीत आहे. माझ्याजवळ बसण्याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

जळगावला जायचं म्हटल्यावर मी किती आडवा लागलो! "मी काय येडा आहे का?" तुम्ही हसून म्हणालात, "येडा राहता तर तिकिटाचे पैसे मीच काढले असते." आणि पहिल्या खेपेला भावाला सोबत पाठवलंत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, आणि गोळीवर दारू नाही. दुसरी गोष्ट पाळायला मला तीन महिने लागले, खोटं कशाला बोलू.

समुपदेशक मॅडमनी त्या आजाराचं नाव सांगितलं, आघातानंतरचा ताण. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी १९८० साली ते नाव आपल्या पुस्तकात घातलं, त्यामागे व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या सैनिकांचे हाल होते. मला हसू आलं. कुठे ती लढाई आणि कुठे माझा बैल! मॅडम म्हणाल्या, जीव वाचवायची घंटा डोक्यात एकदा अडकली की ती कारण बघत नाही, थेंब वाजला तरी वाजते. हाताचं म्हणाल तर त्याचं काम अर्धं राहिलंय, म्हणून तो अजून गाठ सोडतोय. विसरा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. उलट ती रात्र पहिल्यापासून, क्रमानं, पुन्हा पुन्हा सांगायला लावली. पहिल्या वेळी गोठ्याच्या दारापर्यंतच पोचलो. पुढे कधीतरी गाठीपर्यंत. शेवटी हात काढला तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढे, सकाळपर्यंत. ती रात्र संपून सकाळ झाली होती, हे मी मधल्या काळात विसरूनच गेलो होतो.

छाती धडधडली की आजूबाजूच्या पाच गोष्टींची नावं घ्या, असं त्यांनी शिकवलं. मी परतीच्या गाडीत स्टेशनं घ्यायला लागलो. शिरसोली, म्हसावद, पाचोरा, गाळण, कजगाव. एक स्टेशन, एक लांब श्वास. आता घरात पाऊस वाजला तरी तीच गाडी मनात धरतो. चाळीसगाव येईपर्यंत बहुतेक वेळा धडधड बसते. कधी कधी गाडी उलटी जळगावला न्यावी लागते.

तुम्ही कॅलेंडरवर लाल पेननं १४४१६ लिहून ठेवला होता, टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, असं तीनदा सांगितलंत. २०२३ च्या श्रावणात रात्री अडीचला लावला तो. त्या पोरीनं समोरून विचारलं, आता पाणी कुठवर आलंय? मी दार उघडून बघितलं. अंगणात फक्त चिखल होता. खूप वेळ तिला चिखलाचंच सांगत बसलो.

अजूनही ऑगस्ट संपत आला की मी चिडचिडा होतो, बायको ओळखते आणि पोरांना सांगून ठेवते. फूटपट्टी मात्र पोराच्या दप्तरात गेली.

यंदा बैल घेतला, वहिनी. एकच घेतलाय, जोडी पुढच्या वर्षी. सुरगाठ मारतो, एका ओढीत सुटते. लहानग्यालासुद्धा शिकवली, तुम्ही वजन केलं होतंत त्यालाच. कोयता गोठ्यातच खांबाला अडकवलाय. हे भीतीतलंच का, असं मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, नाही, हा शहाणपणा आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी आहे. पुरणाचं ताट घरी पाठवणार नाही, तुम्हीच गोठ्यात या. हळद-तुपाला पहिला हात तुमचा.

तुमचा,
नाल्याकाठचा भाऊ