बाटलीला थंडी वाजते का?

ब्रॅडफर्ड,
रविवार, 15 फेब्रुवारी 2026

ती. आई व आप्पांस,
सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण गेल्या रविवारी मी म्हणालो "लोकर आणली" आणि आप्पांनी ऐकलं "नोकर आणला". मग दहा मिनिटं, पगार किती आणि नोकर कशाला, यावर माझी शाळा घेतली. त्यांचे कान यंत्रमागाच्या आवाजानं खाल्ले त्याला कोण काय करणार? म्हणून सविस्तर लिहून आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सांगलीच्या मित्राबरोबर पाठवतोय. तो शुक्रवारी निघतोय. पिशवीत आणखी एक वस्तू आहे, ती आईसाठी आहे. उघडायची घाई करू नका, आधी पत्र वाचा.

आज महाशिवरात्र, उपवास धरलाय. साबुदाणा इथे मिळतो, शेंगदाणे मिळतात, सगळं मिळतं. थंडी आहे, पण मी दोन स्वेटर घालतो. ड्यूटीला बसनं जातो, चालत नाही. (चालत जातो ते फक्त बुधवारी, आणि तेही बारा मिनिटं.)

आता बुधवारचं. आई, तू ताईला म्हणालीस म्हणे, "पोरगं तिकडं जाऊन बायकांच्यात बसून टोप्या विणतंय." विणतोय, पण नुसत्या बायकांत नाही. आम्ही अकराजण आहोत आणि त्यातला एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर आहे. तो क्रोशाचं काम माझ्यापेक्षा चांगलं करतो. जागा म्हणजे सरकारी वाचनालय, वेळ साडेदहा ते साडेबारा, माझी सुट्टी असली तरच. याला इथे 'निट अँड नॅटर' म्हणतात, म्हणजे विणा आणि बडबडा. आप्पा विचारतील, मजुरी किती? काही नाही. उलट चहा-बिस्किटाच्या डब्यात आपणच एक पौंड टाकायचा. जे होईल ते दान जातं.

आणि जे होतं ते ऐकून तुम्ही हसाल म्हणून इतके दिवस बोललो नव्हतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात दोन सुया दिल्या आणि म्हणाले, बाटलीची टोपी कर.

हे नीट सांगतो, नाहीतर मुलाचं डोकं फिरलं असं वाटेल. इथे फळांचा रस विकणारी एक कंपनी आहे, इनोसंट नावाची. 2003 पासून त्यांनी एक प्रकार काढला. लोकांनी घरी बसून बोटभर लोकरीच्या टोप्या विणायच्या आणि पाठवायच्या. कंपनी त्या रसाच्या छोट्या बाटल्यांच्या झाकणांवर चढवते. टोपीवाली एक बाटली विकली गेली की 25 पेन्स म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एज यूके या संस्थेला जातात. आपले तीसेक रुपये. बाटली थंड कपाटातच असते आणि रस थंडच प्यायचा असतो. म्हणजे टोपीचा बाटलीला काही उपयोग नाही! मीही हेच विचारलं होतं, की बाटलीला थंडी वाजते का? सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणी दिलं नाही.

टोपी म्हणजे काय, तर 28 टाके घ्यायचे, थोड्या ओळी सुलट-उलट, मग टाके कमी करत न्यायचे, धागा ओवून आवळायचा आणि वर एक गोंडा. सरावाच्या बाईला अर्धा तास लागतो. मला पहिलीला दोन बुधवार लागले आणि ती बाटलीला नाही, पेरूला बसली असती. आप्पांनी हिशेब केलाच असेल, की अर्ध्या तासाच्या कामाचे तीस रुपये, त्यापेक्षा सरळ पैसे द्यावेत. मीही केला होता. पण आमच्यात एक आजी आहे, वय त्र्याऐंशी, एकटी राहते. तिनं एका थंडीत दोनशेच्या वर टोप्या केल्या. मी विचारलं, एवढ्या? ती म्हणाली, संध्याकाळ लांब असते. मग मी पुन्हा हिशेब काढला नाही. इथे हिवाळ्यात चारला अंधार पडतो. मला तसलं काही वाटत नाही, माझ्या ड्यूट्या असतात, खोलीवर केरळचा मित्र आहे. हे तिचं सांगितलं.

ही आजी कोण, हे आप्पांना सांगायचं आहे. ती पंधराव्या वर्षी मागावर लागली होती! ब्रॅडफर्ड म्हणजे एके काळची लोकरीची इचलकरंजी, असं समजा. माझ्या खोलीच्या मागच्या टेकडीवरून लिस्टर मिलची चिमणी दिसते, 249 फूट उंच. रेशीम आणि मखमल व्हायचं तिथे. 1992 ला बंद पडली आणि आता आत फ्लॅट आहेत. पलीकडे सॉल्टेअरची 1853 ची मिल आहे, तिच्यात चित्रं लावलीत आणि लोक तिकडे कॉफी प्यायला जातात. आपले चार माग भंगारात किलोवर गेले, त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते. ते आजीला मी सांगितलं. तिचेही कान गेलेत, तिच्याशी बोलताना तोंडासमोर तोंड धरून बोलावं लागतं, म्हणजे ती ओठांवरून ओळखते. मागाच्या आवाजात सगळ्या बाया तशाच बोलायच्या म्हणे. एकदा माझी लोकर तुटली. तिनं दोन टोकं घेतली, अंगठ्याखाली धरली, गाठ कधी पडली कळलं नाही, आणि जादाचा धागा नखानं तोडला. आप्पा, तुमचीच गाठ. मी घरी आल्यासारखा बघत बसलो.

तेव्हा आई, पाव्हण्यांना सांगायची लाज कसली? आजोबा धाग्यावर जगले, आप्पा जगले, तू आणि आज्जीनं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. मीच एक सुई-दोऱ्याऐवजी सलाइनची सुई धरली, तर आता थोडी लोकर धरतो.

बाटलीच्या टोप्या सोडल्या तर बाकीचं काम कामाचंच असतं. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळांसाठी टोपडी करतात. लिंबाएवढी ती बघून मला काही सुचेना. आणि बाळासाठी लहान चौकोनही करतात, जोडीनं. एक बाळाच्या पेटीत, एक आईच्या कपड्यांच्या आत अंगाशी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. म्हणजे आईला बाळाचा वास आणि बाळाला आईचा. तू ताईच्या बाळंतविड्यात आज्जीच्या जुन्या लुगड्याची दुपटी घातली होतीस, तेव्हा ताईच्या सासूनं नाक मुरडलं होतं. तिला हे सांग.

आता पिशवीतल्या वस्तूकडे येतो. हिला 'ट्विडलमफ' म्हणतात. दोन्ही तोंडं उघडी असलेली लोकरीची जाड नळी आहे, दोन्ही बाजूंनी हात आत घालायचे. उरल्यासुरल्या लोकरीची असते, म्हणून रंग असे भांडल्यासारखे दिसतात. दोन धागे एकत्र धरून 8 मिलिमीटरच्या सुईवर 45 टाके घेतलेत आणि 23 इंच विणून अर्धी आत दुमडलीय. आतून-बाहेरून हाताला काहीतरी लागेल अशा गोष्टी शिवायच्या. बटणं, चेन, मोठे मणी, लेस, नाडी. ज्यांची आठवण गेली त्यांचे हात स्वस्थ राहत नाहीत. ते चादर ओढतात, सलाइन उपटतात, स्वतःचं कातडं ओरबाडतात. ही दिली की हात त्यात रमतात. आमच्या वॉर्डात एक जुने गवंडी आहेत. ते दिवसभर एकच चेन उघडतात आणि लावतात. रात्री झोपतात. ज्याची त्याला, दुसऱ्या पेशंटला देत नाही, जाताना घरी घेऊन जातात.

आज्जी पदराच्या दशांना गाठी मारते, ते मी दिवाळीत व्हिडिओवर पाहिलं होतं. तू म्हणालीस, खूळ लागलंय, नवी साडी खराब केली. खूळ नाही आई. तिची बोटं तुटलेला धागा शोधतायत. तिला रागावू नकोस. म्हणजे तू रागावतेस असं मला म्हणायचं नाही. दिवसरात्र तूच करतेस, मी इथून शहाणपण शिकवतोय, हे मला कळतं.

गेल्या दोन वर्षांत मी वॉर्डासाठी अशा चौदा केल्या. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "नशीब तिकडच्या म्हाताऱ्यांचं." त्यावर मी नेटवर्क गेलं असं सांगितलं. नेटवर्क होतं. आज्जीचं मनात आलं नाही असं नाही. दोनदा टाके घेतले आणि दोनदा उसवले. तिच्यासाठी विणायला बसलो की ती माझं नाव विसरली हे खरंच झालं, असं वाटायचं. जाऊ दे.

ही मुद्दाम कोरी ठेवलीय. वर काही शिवलेलं नाही. इथली बटणं तिच्या ओळखीची नाहीत. तू शिव. आप्पांच्या जुन्या शर्टाची बटणं, तुझ्या फॉल-पिकोच्या डब्यातली लेस, एखादं मोठं टिचबटण. तिच्या जुन्या लुगड्याचा काठ मिळाला तर आतून लाव. सुती दोऱ्याची जाड झालर लाव, गाठी मारायला, पण वितीपेक्षा लांब नको, बोटाला गुंडाळली जाते. कांडी लावायचा मोह होईल, लावू नकोस, टोक लागतं. आणि प्रत्येक वस्तू पक्की शिव. शिवल्यावर तू स्वतः जोर लावून ओढून बघ, तुटलं तर ती तोंडात घालेल. तुला शिलाईचं मी सांगतोय, बघ.

धाकटीच्या लग्नाचं. अधिक महिना 17 मे ला लागतो, त्याच्या आत उरकायचं हे पटलं. पण मला रजा 4 मे पासून मिळालीय, त्याआधीची मिळत नाही, दोनदा विचारून झालं. 10 मे धरलात तर मी अक्षता टाकायला उभा. पाव्हणे 26 एप्रिलवरच अडून बसले तर माझ्यासाठी मोडू नका, चांगलं स्थळ आहे. धाकटीला मी वेगळा फोन करतो. पण 10 तारखेचं एकदा बोलून बघा.

पैसे या महिन्यात 45 हजारच पाठवतोय. लोकरीत घातले असं आप्पांनी समजू नये. लोकर लोक दान देतात, मला फुकट मिळते. तिकीट काढलं आणि हीटरचं बिल जास्त आलं. पतसंस्थेचा हप्ता आधी भरा, उरलेले हॉलवाल्याला द्या. बाकीचे मार्चमध्ये. आणि लग्न होतं न होतं तोच अधिक महिना, म्हणजे नव्या जावयाचं वाण आलंच. त्याचे वेगळे पाठवतो, आईनं भिशी मोडू नये.

जयसिंगपूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटली. मे मध्ये आलो तर बघायला जाऊ, आत्ता हो म्हणू नका. विचारलंच तर मुलगा विणतो हे सांगून टाका. पळाले तर पळाले.

आज्जीच्या हातात ती पहिल्यांदा देशील तेव्हा ताईला व्हिडिओ काढायला सांग. माझं नाव घेऊन देऊ नकोस, उगाच गोंधळेल. नुसती मांडीवर ठेव.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा
बाळू

ता. क. आज खिचडीत कूट नव्हतं. मित्र परत येताना शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो चालेल, जास्त नको, त्याच्या बॅगेला वजन होतं. आणि लुगड्याचा तुकडा उरला तर तोही घाल.