त्या हिरव्या डब्याविषयी

ठाणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर वजन कमी करण्याच्या त्या चहाचा विषय निघाला की आई "मी आता ठणठणीत आहे" असे म्हणून बोलणे दुसरीकडे वळवते आणि बाबा गप्प होतात, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले आहे. दुपारचा चहा झाला की दोघांनी एकत्र बसून ते वाचावे आणि आईचा चष्मा सापडत नसेल तर बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावे, एवढीच विनंती.

आई, त्या पहाटे न्हाणीघराच्या दारात तुला चक्कर आली तेव्हा बाबा जागे होते म्हणून निभावले. त्याआधीचे जवळजवळ तीन आठवडे तू रोज रात्री तो 'डिटॉक्स चहा', म्हणजे शरीरातले विषारी घटक बाहेर काढतो म्हणून विकला जाणारा चहा, घेत होतीस, दिवसातून चार-पाच वेळा तुला पोट साफ करायला जावे लागत होते, रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते, आणि यातले काहीही तू मला सांगितले नव्हतेस. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम 2.8 निघाले. ते निदान 3.5 तरी हवे. फार खाली गेले तर हृदयाचे ठोके चुकू लागतात, आणि डॉक्टरांनी तातडीने ईसीजी काढला तो त्याच भीतीने. "आणखी काही औषध घेता का?" असे त्यांनी तुला दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा तू "नाही" म्हणालीस. तू खोटे बोललीस असे मला मुळीच वाटत नाही. तुझ्या लेखी ते औषध नव्हतेच, तो चहा होता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग येतो तो याच गोष्टीचा, की जे शरीरावर औषधासारखे काम करते ते चहा म्हणून विकले गेले, आणि त्यामुळे डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाला तुझ्याकडून खरे उत्तर मिळू शकले नाही.

त्या चहाचा डबा मला डाळीच्या बरण्यांमागे सापडला. मी तो खिडकीपाशी नेऊन सगळ्या बाजूंनी वाचला. पुढच्या बाजूला हिरवी पाने, पितळी खलबत्ता, 'शंभर टक्के आयुर्वेदिक', '30 दिवसांत 8 किलोपर्यंत वजन कमी' आणि 'कोणतेही साइड इफेक्ट नाहीत' असे मोठ्या मराठी अक्षरांत छापलेले आहे. मागची बाजू मात्र सगळी इंग्रजीत आहे आणि ती अक्षरे इतकी बारीक की मला मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावा लागला. तिथे एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, म्हणजे हा माल खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो. औषधाचा परवाना कुठेही नाही. त्याच्याच खाली 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापलेले आहे. पुढे आयुर्वेदाचे नाव आणि मागे औषध नसल्याची कबुली, अशी एकाच डब्याची दोन तोंडे आहेत, आणि त्यांतले तुम्हाला वाचता येईल असे एकच आहे. घटकांच्या यादीत ग्रीन टी, सुंठ, बडीशेप आणि पाचव्या क्रमांकावर 'सेन्ना लीफ'. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी.

आई, सोनामुखी तुला नवी नाही. आजी ती वर्षातून एखाद्या वेळी, एका रात्रीपुरती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि ताकाशिवाय काही खाऊ द्यायची नाही. तीच सोनामुखी तुला रोज, सलग वीस रात्री दिली गेली. ती काम करते मोठ्या आतड्यात, आणि आपण खाल्लेल्या पोळी-भाताचे पोषण त्याआधीच लहान आतड्यात शोषले गेलेले असते. म्हणून जुलाबावाटे चरबी जात नाही. जाते ते पाणी, आणि पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम. काट्यावर तीन किलो कमी दिसले ते खरे होते, पण ते तीन किलो बहुतेक पाण्याचे होते. त्यातच तुझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे, तेही पोटॅशियम बाहेर टाकते. दोन्हीकडून गळती सुरू झाली. हे कोणत्याही औषधविक्रेत्याला डबा आणि गोळ्यांची पट्टी शेजारी शेजारी ठेवली असती तर क्षणात कळले असते. तुझी मुलगी गेली 19 वर्षे औषधांच्या दुकानात उभी आहे आणि तिलाच ते कळले नाही, कारण डबा तिच्यासमोर आलाच नाही.

जुलाब सुरू झाल्यावर तू डब्यावरच्या क्रमांकावर फोन केला होतास, हे बाबांनी मला नंतर सांगितले. पलीकडच्या मुलीने स्वतःला 'आयुर्वेद एक्स्पर्ट' म्हणवून घेतले आणि "विषारी घटक बाहेर पडत आहेत, हे चांगले लक्षण आहे, थांबवू नका, उलट सकाळीही एक पुडी घ्या" असे सांगितले. तुझे वय किती, तुला कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे तिने विचारले नाही. त्रास हाच गुण आल्याचा पुरावा ठरवला की माणूस सावध होण्याची वाटच बंद होते.

बाबा, आता थोडे तुमच्याशी. तुम्ही तीस वर्षे मुलांना गणित शिकवलेत, म्हणून हा हिशेब तुमच्यापुढे ठेवते. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठ किलो चरबी उतरायची तर 61,600 कॅलरींची तूट हवी, म्हणजे तीस दिवस रोज 2,000 पेक्षा जास्त. आईच्या वयाच्या आणि बांध्याच्या बाईचे शरीर दिवसभरात एकूण खर्च करते ते 1,600 ते 1,800. म्हणजे तिने महिनाभर अन्नाचा कणही घेतला नसता तरी त्या जाहिरातीतले आठ किलो चरबीचे वजन उतरले नसते. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असे उत्तर आणले असते तर तुम्ही त्याला फळ्यापाशी बोलावून मांडणी पुन्हा करायला लावली असती.

डिटॉक्स या शब्दाविषयीही लिहायला हवे, कारण तो आता चहात, रसात, तळपायाला लावायच्या पट्टीत, सगळीकडे शिरला आहे. आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. यकृत त्याच्या जोडीला अहोरात्र काम करत असते. या कंपन्यांना कोणता विषारी घटक, तो रक्तात किती होता आणि त्यांच्या मालाने किती उतरला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. मागच्या दिवाळीत मावशीने दिलेल्या त्या पट्ट्या आठवतात ना? रात्री तळपायाला चिकटवायच्या, सकाळी तपकिरी-काळ्या, चिकट झालेल्या दिसायच्या आणि मावशी म्हणायची, "बघा, किती घाण निघाली." उरलेल्यातली एक नवी पट्टी मी परवा चहाच्या आधणाच्या वाफेवर चिमट्यात धरली. माझा पाय तिला लागलाही नव्हता. थोड्याच वेळात तिच्यावर तसेच तपकिरी डाग उमटले. ती पट्टी ओलाव्याने रंग बदलते, मग तो घामाचा असो की वाफेचा. अशाच पट्ट्यांच्या जाहिरातींवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये एका कंपनीला न्यायालयात खेचले होते. ती पट्टी मी जपून ठेवली आहे, येताना आणते.

बाबा, तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी गंभीरपणे घेते: आयुर्वेद इतक्या शतकांचा आहे, त्याला नावे ठेवू नयेत. मी ठेवत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचा विचार आहे, आणि तिथे सांगितलेला मार्ग आहार बदलण्याचा, व्यायामाचा, झोप बेताची करण्याचा आणि हे सारे क्रमाक्रमाने वाढवत नेण्याचा आहे. महिन्याभरात आठ किलोंची हमी तिथे नाही. आपल्या पेठेतले वैद्य आठवा. ते नाडी पाहायचे, जीभ पाहायचे, घरात काय शिजते ते विचारायचे आणि मग पुडी बांधायचे. या डब्याने आईला काहीच विचारले नाही. आयुर्वेदावर तुमचा जो विश्वास आहे, तो या लोकांनी न मागता उचलला आणि त्यावर 2,490 रुपयांची चिठ्ठी लावली. त्यांना जाब विचारणे हे आयुर्वेदाच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही.

आणि वनस्पतीची आहे म्हणून अपाय होणार नाही, ही समजूत तर किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण मला शिकत असल्यापासून विसरता आलेले नाही. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात 1990 च्या सुमारास गोळ्यांमध्ये चिनी वनौषधी घालायला सुरुवात झाली. त्यातल्या एका वनस्पतीचे चिनी नाव आणि दुसऱ्या, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतीचे नाव जवळजवळ सारखे असल्याने पहिलीच्या जागी दुसरी आली. तरुण, एरवी धडधाकट बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. डॉक्टरांनी 1993 मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढे असे रुग्ण शंभराहून अधिक निघाले आणि काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आणखी एक प्रकार मला याहून भयंकर वाटतो, कारण त्यात चूक नसते, हेतू असतो. भूक मारणारे सिब्युट्रामीन हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून गेले आणि 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. त्यानंतरही वेगवेगळ्या देशांत 'निव्वळ नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ते पुन्हा पुन्हा सापडले आहे. लेबलवर त्याचे नाव अर्थातच नसते.

"पेपरात अर्ध्या पानाची जाहिरात होती, खोटे असते तर छापले असते का?" असे तुम्ही रुग्णालयाच्या बाकावर बसून मला विचारलेत तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते, तुमचा चेहरा पाहवत नव्हता. आज सांगते. छापण्यापूर्वी जाहिरातीतला दावा प्रयोगशाळेत कोणी तपासत नाही. कायदा आहे: 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा आणि मधुमेह ही दोन्ही नावे आहेत, म्हणजे ते बरे करण्याच्या औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड आहे. तरीही पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेला 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये पतंजलीने वर्तमानपत्रांत माफीनामे छापले तेव्हा न्यायालयाने विचारले की हे माफीनामे तुमच्या जाहिरातींएवढे मोठे आहेत का. इतक्या मोठ्या नावाच्या बाबतीत एवढा खटाटोप लागतो, तर आपल्या डब्यावरची कंपनी किती निर्धास्त असेल याची कल्पना करा. तुम्ही फसलात यात तुमचा भोळेपणा कमी आणि त्यांची तयारी जास्त आहे. आमच्या दुकानातही असे डबे ठेवावेत म्हणून त्यांची माणसे येतात आणि एरवीच्या औषधांवर कधी मिळणार नाही एवढे कमिशन देऊ करतात.

आई, एक गोष्ट माझ्याकडूनही चुकली आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. गेली दोन वर्षे प्रत्येक फोनवर मी तुला "वजन कमी कर, गुडघ्यांवर भार येतो" एवढेच सांगत आले, पण ते कसे करायचे याचा विचार तुझ्याबरोबर बसून कधी केला नाही. दादाच्या लग्नातले फोटो पाहून नातेवाइकांनी जे बोलले ते तुला लागले होते, हे मला माहीत होते. तू तो डबा मागवलास तो आम्हा सगळ्यांच्या बोलण्याला कंटाळून. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. इथून पुढे मी तुझ्या वजनाचा आकडा विचारणार नाही. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने सांगितलेले खुर्चीतले व्यायाम आपण रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलवर मिळून करू.

बाबा, तो डबा, राहिलेल्या पुड्या, कुरिअरची पावती आणि तुम्ही कापून ठेवलेली जाहिरात यांतले काहीही फेकू नका. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना हे सगळे लागेल. अर्ज मी लिहून आणते, सही तुमची हवी, कारण पैसे तुम्ही दिले आहेत.

मंगळवारी पोटॅशियमची फेरतपासणी आहे. जाताना आईच्या सगळ्या गोळ्या, मावशीकडून आलेले ते चूर्ण आणि सकाळी घेता तो रस, असे जे जे पोटात जाते ते एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. रिपोर्ट आला की फोटो पाठवा. मी शनिवारी रात्रीपर्यंत पोहोचते.

तुमची लेक