विमान उभे, हवा बंद

मा. संपादक,

पावसाळ्यात फ्लू वाढला की विमानप्रवासाबद्दल एकच तक्रार ऐकू येते: 'आत तीच तीच हवा फिरते.' उडत्या विमानाला ती फारशी लागू नाही. केबिनमधली हवा तासाला 20 ते 30 वेळा बदलते. साधारण निम्मी बाहेरची, उरलेली हेपा म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली. ती वरून येते आणि त्याच रांगेत पायाजवळच्या जाळीतून निघून जाते. त्यामुळे धोका मुख्यतः शेजारच्या सीटचा आणि पुढच्या-मागच्या दोन रांगांचा.

खरी गोची जमिनीवर होते. 1977 साली अलास्कात इंजिन बिघडल्याने 54 जणांचे एक विमान 3 तास उभे राहिले. वायुवीजन बंद होते आणि एक प्रवासी आजारी. 72 तासांत 72 टक्के प्रवासी खोकला-तापाने आडवे झाले. जो जितका वेळ आत बसला, तितकी त्याला लागण होण्याची शक्यता जास्त निघाली!

मुख्य इंजिने बंद करून उभ्या विमानात हवा खेळते ती शेपटीतल्या छोट्या इंजिनावर, म्हणजे एपीयूवर, किंवा बाहेरून जोडलेल्या जाड नळीवर. एपीयू इंधन खातो, म्हणून तो कधीकधी बंद ठेवतात. तो बंद आणि नळीही जोडलेली नाही, तर फिल्टर कितीही उत्तम असला तरी त्यातून हवाच जात नाही. ओळखायचे कसे? डोक्यावरची गोल झडप पूर्ण उघडून खाली तळवा धरा. झोत लागत नसेल तर लगेच क्रूला सांगा. झोत असेल तर झडप मध्यम ठेवून तो चेहऱ्याच्या जरा पुढून खाली सोडा.

मास्क बहुतेक जण सीटवर बसल्यावर लावतात. तो बोर्डिंगच्या रांगेत, खच्चून भरलेल्या बसमध्येच लावायला हवा, नाकावरची पट्टी नीट दाबून. शेजाऱ्याचे खाणे उरकेपर्यंत आपला डबा उघडू नये, म्हणजे दोघांचे मास्क एकाच वेळी उतरत नाहीत. थर्मल स्कॅनरवर तर विसंबूच नये. फ्लू लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पसरतो, तेव्हा ताप कुठला दिसणार? लसही प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊन भागत नाही, अंगी लागायला दोन आठवडे जातात.

क्षयरोग आणि विमानप्रवासाबाबतच्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने 30 मिनिटांहून अधिक खोळंब्यात वायुवीजन चालू ठेवायला सांगितले आहे. तोच दंडक आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे डीजीसीएने, फ्लूसाठीही घालावा: हवा चालू करता येत नसेल तर प्रवाशांना उतरवावे. आणि उशीर किती हे सांगताना हवा चालू आहे की बंद, हेही वैमानिकाने सांगावे.

– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई