मतांनी मिळवलेली रजा सतरा आठवड्यांत गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळची इचलकरंजीची. २००९ पासून अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत राहते आणि एका किराणा दुकानात कॅश काउंटरवर काम करते. पगार तासावर. आपलं वृत्तपत्र रोज सकाळी फोनवर वाचते. अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल तुम्ही पुष्कळ छापता, पण त्या बातम्या अध्यक्ष कोण होणार याच्या पुढे क्वचितच जातात. ५ नोव्हेंबर २०२४ ला माझ्या हातात आलेल्या मतपत्रिकेवर माझ्या पगाराचा आणि रजेचाही प्रश्न होता. त्याचं पुढे काय झालं, ते आपल्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

इथल्या वीसहून जास्त राज्यांत नागरिकांना कायद्याचा किंवा राज्याच्या घटनेतल्या दुरुस्तीचा मसुदा लिहून, त्यावर ठरलेल्या संख्येइतक्या सह्या गोळा करून तो थेट मतदानाला ठेवता येतो. आमदारांची वाट बघावी लागत नाही. साउथ डकोटानं १८९८ मध्ये ही वाट पहिल्यांदा मोकळी केली. कॅलिफोर्नियात ती १९११ मध्ये आली, कारण तिथलं राजकारण एका रेल्वे कंपनीच्या खिशात गेलं होतं. आपल्याकडच्या बायकांना हे परकं वाटू नये. गावात दारूचं दुकान नको म्हणून सह्या जमवायच्या, मग उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान घ्यायला लावायचं, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. हे महाराष्ट्रातल्या किती तरी गावांनी केलंय. इथे तेच राज्यभर होतं आणि विषय कुठलाही असू शकतो.

आमच्या मिसूरी राज्यातल्या प्रश्नाचं नाव होतं प्रपोझिशन ए. किमान वेतन जानेवारी २०२५ पासून तासाला १३.७५ डॉलर, जानेवारी २०२६ पासून १५ डॉलर, पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ. आणि ज्यासाठी मी रांगेत उभी राहिले ते कलम म्हणजे दर तीस तासांच्या कामामागे एक तास आजारपणाची पगारी रजा. माझे वडील यंत्रमागावर होते. ताप असो की पोटदुखी, खाडा पडला की मजुरी गेली, म्हणून ते अंगात कणकण घेऊन कारखान्यात जायचे. अमेरिकेत येऊन मीही तेच केलं. खोकत खोकत लोकांच्या भाज्या आणि दुधाचे डबे हाताळले. सगळ्यांना लागू होईल असा पगारी रजेचा केंद्रीय कायदा या देशात नाही. केंद्रानं ठरवलेलं किमान वेतन जुलै २००९ मध्ये ७.२५ डॉलर झालं. त्याच वर्षी मी इथे आले आणि अजूनही ते तेवढंच आहे.

प्रश्न सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर मिसूरीनं ट्रम्प यांनाही सुमारे ५८ टक्के मतं दिली. म्हणजे दोन्हींना मत देणारे लोक लाखांनी असणार, हे साध्या हिशेबात निघतं. माझ्या शेजारच्या काउंटरवर काम करणारी बाई त्यांतलीच. तिला यात काही विसंगत वाटलं नाही, आणि तिला दोष द्यावा असं मलाही वाटत नाही. रिपब्लिकन पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात वीस आश्वासनं होती. टिपवर कर नको, हे त्यांतलं एक. कामगारांची रजा काढून घेऊ, असं त्यात कुठेच नव्हतं. २०१६ च्या त्यांच्या जाहीरनाम्यात तर किमान वेतनाचा विषय राज्यांनी आणि स्थानिक पातळीवर हाताळावा असंच लिहिलं होतं. राज्यातल्या लोकांनी तो हाताळला, मतदान करून.

मग काय झालं ते तारखांनिशी सांगते. व्यापाऱ्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण एप्रिल २०२५ मध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानं मतदानाचा निकाल कायम ठेवला. १ मे पासून रजा जमा व्हायला लागली. १४ मे च्या रात्री राज्याच्या सिनेटमध्ये रिपब्लिकन बहुमतानं डेमोक्रॅट सदस्यांची लांबवलेली चर्चा नियमाचा वापर करून बंद पाडली आणि रजा रद्द करणारं विधेयक मंजूर केलं. १० जुलैला गव्हर्नर माइक केहो यांची सही झाली. २८ ऑगस्टला रजा संपली. महागाईप्रमाणे होणारी वेतनवाढही त्याच विधेयकानं काढून टाकली.

बरोबर सतरा आठवडे. मी आठवड्याला साधारण तीस तास काम करते, म्हणजे माझे सतरा तास जमले. जूनमध्ये ताप आला तेव्हा एक दिवस, सहा तास, मी घरी झोपून राहिले आणि त्या दिवसाचे पैसे मिळाले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. मुलीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, आई, यात रडण्यासारखं काय आहे? उरलेले अकरा तास आमच्या दुकानानं पुढे धरले नाहीत.

छोट्या दुकानदारांची बाजूही मी ऐकली आहे. आपल्या ओळखीतले किती तरी भारतीय लोक इथे पेट्रोल पंप आणि मोटेल चालवतात. दोन माणसांच्या दुकानात एक रजेवर गेला तर मालकाचे हाल होतात, हे खरं आहे. पण वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेली किरकोळ दुकानं या कायद्यातून मुळातच वगळलेली होती. आणखी सवलत हवी होती तर तेवढीच दुरुस्ती करता आली असती. शेजारच्या नेब्रास्कात जवळजवळ तीन-चतुर्थांश मतदारांनी अशीच रजा मंजूर केली होती. तिथल्या विधिमंडळानंही कात्री लावली, दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या मालकांना वगळलं. मला ते पटलं नाही, पण निदान बाकीच्यांची रजा राहिली. आमच्याकडे मुळासकट उपटली.

विधिमंडळाला हे जमलं, कारण प्रपोझिशन ए हा साधा कायदा होता, घटनादुरुस्ती नव्हती. मिसूरीत मतदारांनी केलेला साधा कायदा आमदार साध्या बहुमतानं मोडू शकतात. घटनेत लिहिलेलं मात्र पुन्हा मतदान घेतल्याशिवाय पुसता येत नाही. घटनादुरुस्तीसाठी राज्यातल्या आठपैकी सहा संसदीय मतदारसंघांत आठ टक्के मतदारांच्या सह्या लागतात, साध्या कायद्याला पाच टक्के. सह्या जमवायला माणसं आणि पैसा लागतो, आणि तासावर राबणाऱ्यांकडे दोन्ही कमी.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी काय केलं ते कॅलिफोर्नियात बघा. २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळानं असा कायदा केला की उबर, लिफ्टसारख्या ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांना चालक हे आपले कर्मचारी मानावे लागले असते. २०२० मध्ये या कंपन्यांनीच प्रपोझिशन २२ मतदानाला आणलं, प्रचारावर २० कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि चालक कर्मचारी नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असं मतदारांकडून मंजूर करून घेतलं. तिथेही सुमारे ५८ टक्के. आणि हे ट्रम्प यांना मानणारं राज्य नव्हे, त्याच दिवशी तिथे बायडेन मोठ्या फरकानं जिंकले. कंपन्यांनी मसुद्यातच कुलूप घालून ठेवलं होतं: विधिमंडळाला यात बदल करायचा तर सात-अष्टमांश बहुमत हवं. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला. चालकांना संघटना बांधायचा हक्क देणारा वेगळा कायदा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आला, पण कर्मचारी म्हणून मिळणारं संरक्षण काही परत आलं नाही. कंपन्यांच्या कायद्याला सात-अष्टमांशाचं कुलूप आणि आमच्या रजेला साधी कडीसुद्धा नाही, हे मला फार लागलं.

डेमोक्रॅटिक पक्षाबद्दलही सांगायला हवं. २०१६ पासून त्यांच्या जाहीरनाम्यात १५ डॉलर किमान वेतन आहे. मार्च २०२१ मध्ये व्हाइट हाउस आणि संसदेची दोन्ही सभागृहं त्यांच्या हाती असताना सिनेटमध्ये त्यावर मतदान झालं. बाजूनं ४२, विरोधात ५८. विरोध करणाऱ्यांत आठ जण त्यांच्याच गटातले होते. मी त्या पक्षाला मत देते, तरीही ही गोष्ट विसरलेले नाही.

आमच्या शहरातून स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता जातो. त्याच्या एका बाजूला मिसूरी, दुसऱ्या बाजूला कॅन्सस. मिसूरीच्या बाजूला कायद्यानं किमान १५ डॉलर, रस्ता ओलांडला की ७.२५. माणसं मिळत नाहीत म्हणून तिकडची बरीच दुकानं प्रत्यक्षात जास्त देतात, पण द्यायलाच हवेत असं नाही. कॅन्ससच्या लोकांना सह्या जमवून कायदा मतदानाला ठेवायचा हक्कच नाही. त्यामुळे रजा गेली म्हणून मतदानाची ही वाटच फुकट असं कुणी म्हटलं की मी त्यांना तो रस्ता दाखवते. २०१८ मध्ये याच वाटेनं मिसूरीच्या कामगारांनी आमदारांनी केलेला ‘राइट टू वर्क’ कायदा ६७ टक्के मतांनी हाणून पाडला होता. ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली रोजगार हमी आठवली, वाटलं कामाचा हक्क देणारा काही चांगला कायदा असेल. प्रत्यक्षात त्यात कुणालाही काम मिळणार नव्हतं. युनियननं लढून मिळवलेल्या कराराचा फायदा घ्यायचा आणि युनियनला एक पैसाही द्यायचा नाही, अशी ती सोय होती.

आता ती वाटच अरुंद करायचा घाट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मिसूरीच्या विधिमंडळानं एक नवा प्रस्ताव मंजूर केला आणि तो नोव्हेंबर २०२६ च्या मतदानाला ठेवायचं ठरवलं. तो मंजूर झाला तर नागरिकांनी सह्या जमवून आणलेल्या घटनादुरुस्तीला आठही संसदीय मतदारसंघांत वेगवेगळं बहुमत लागेल. सात मतदारसंघ हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तरी दुरुस्ती पडेल. आमदारांनी स्वतः आणलेल्या दुरुस्तीला मात्र ही अट नाही. आजारपणाची रजा घटनेत घालायची तर तिला याच दारातून जावं लागेल.

माझ्या दोन विनंत्या आहेत. नोव्हेंबर २०२६ चे निकाल छापाल तेव्हा सिनेट कुणाकडे गेली याच्या जोडीला राज्याराज्यांतल्या मतपत्रिकांवर कुठले प्रश्न होते आणि लोकांनी त्यांना काय उत्तर दिलं, याला एक रकाना द्यावा. आणि ज्या वाचकांची मुलंबाळं इथे मतदार आहेत, त्यांनी फोनवर ‘ट्रम्प की कोण’ एवढंच न विचारता मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला काय आहे आणि तुमच्या भागातला राज्याचा आमदार त्यावर काय म्हणतो, तेही विचारावं. माझ्या भागातल्या आमदाराचं नाव २०२४ मध्ये मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि रजेच्या विधेयकावर त्या आमदाराच्या मताची नोंद काय आहे तेही मी शोधून काढलंय.

आपली,
एक वाचक
कॅन्सस सिटी, मिसूरी