सल्ला घेतला, पण कोणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नम्रतेवरचा लेख वाचला. नेत्याने सल्ला घ्यावा, हे लेखकाचं म्हणणं कोण नाकारील? पण सल्ला न घेणारे नेते मला फारसे भेटलेलेच नाहीत. सगळेच घेतात. घोळ त्यानंतर होतो.

बायबलमधला शलमोन राजाचा मुलगा, इस्राएलचा राजा रहबाम घ्या (१ राजे, अध्याय १२). शखेमला लोक गाऱ्हाणं घेऊन आले, तुमच्या वडिलांनी लादलेलं जू जरा हलकं करा. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली आणि सल्लाही दोघांचा घेतला. वडिलांच्या पदरी राहिलेले वृद्ध म्हणाले, गोड बोला, लोकांचे सेवक व्हा. बरोबरीचे सवंगडी म्हणाले, सांगा त्यांना, माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे! राजाला कोणता सल्ला पटला, हे सांगायला नको. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा हातचे गेले. सल्लामसलतीची रीत मात्र त्याने सगळी पाळली होती.

पोप फ्रान्सिस यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मार्च २०१३ मध्ये निवड झाली त्या संध्याकाळी आशीर्वाद देण्याआधी ते लोकांपुढे मान लववून उभे राहिले. आधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणाले. महिनाभरात त्यांनी आठ कार्डिनलांचं (पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांचं) सल्लागार मंडळ नेमलं. त्यात मुंबईचे ऑस्वाल्ड ग्रेशस होते, म्हणून आम्हा वसईकरांनाही कोण अभिमान! तरीही चिलीच्या प्रकरणात फ्रान्सिस चुकले. लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूला पाठीशी घातल्याचा आरोप असलेल्या बारोस यांना त्यांनी चिलीतल्या ओसोर्नोचे बिशप, म्हणजे तिथल्या धर्मप्रांताचे प्रमुख, नेमलं. तिथले साधे श्रद्धावंत २०१५ पासून नको नको म्हणत होते. जानेवारी २०१८ मध्ये चिलीत पत्रकारांनी फ्रान्सिस यांना विचारलं, तर पुरावा नाही, ही सगळी बदनामी आहे, असं उत्तर मिळालं. पीडितांनी ज्यांच्यावर दुर्लक्षाचा आरोप केला, ते चिलीच्या राजधानीचे, सान्तियागोचे माजी आर्चबिशप त्याच सल्लागार मंडळात बसत होते, हे इथे लक्षात घ्यावं.

त्यानंतर जे घडलं, त्याला मी नम्रता म्हणतो. फ्रान्सिस यांनी माल्टाचे आर्चबिशप शिक्लुना यांना चौकशीला पाठवलं. ६४ जणांच्या साक्षी झाल्या, २,३०० पानांचा अहवाल आला. एप्रिलमध्ये पोपनी चिलीच्या बिशपांना पत्र लिहून आपल्या हातून गंभीर चुका झाल्याचं कबूल केलं आणि तिघा पीडितांना रोमला आपल्या निवासातच उतरवून घेतलं. एकेकाशी वेगळं बसून बोलले. तीन महिन्यांपूर्वी ज्यांचं म्हणणं बदनामी ठरवलं होतं, त्यांच्यासमोर बसणं सोपं नसणार. मे महिन्यात चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले. जूनमध्ये बारोस यांचा स्वीकारला गेला.

आता आमच्या घरचं. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, धर्मग्रामाला (एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या समाजाला) वित्त समिती असावीच लागते. पास्टोरल कौन्सिलला, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या भाविकांच्या समितीला, मात्र फक्त सल्ल्याचा अधिकार. त्यामुळे ऐकायचं की नाही, हे शेवटी फादरांच्या स्वभावावर. पण सगळा दोष फादरांच्या माथी मारणंही बरोबर नाही. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका कौन्सिलचा सचिव होतो. देवळाच्या आवारातल्या बांधकामाचा विषय होता. नकाशा आधीच तयार, कंत्राटदार ठरलेला. वेळ वाचावा म्हणून मी इतिवृत्त घरूनच लिहून नेलं होतं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. बैठकीत फादरांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय? तिघं जण मान खाली घालून बसले. मी पेनाचं टोपण काढून वही सह्यांसाठी फिरवली. फादर खूश, मी खूश, चहा-बिस्किटं झाली.

त्या तिघांत एक मावशी होत्या, फुलांची वाडी करणाऱ्या. परवा बाजारात भेटल्या. हा लेख डोक्यात होता म्हणून विचारलं, मावशी, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? माळेची गाठ मारता मारता म्हणाल्या, “तुझ्या शेजारीच बसले होते ना बाबा. तू लिहूनच आणलं होतंस.”

आपला,
एक वाचक, वसई